मुलाला विचारलं का?

सकाळपासून डोकं फिरलंय, तेव्हा पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

ओळखीतल्या एका बाईंनी आपल्या मुलाचा व्हिडिओ टाकलाय. मूल असेल सहा-सात वर्षांचं. गणित चुकलंय, हुंदके देऊन रडतंय, आणि कॅमेऱ्यामागून आईचा आवाज, "परत सांग, सगळ्यांना कळू दे किती हुशार आहेस ते." मध्येच ते पोर तोंडासमोर वही धरून म्हणतं, "नको ना काढू." अगदी स्पष्ट ऐकू येतं. आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या स्मायलींचा खच पडलाय. 'सो क्यूट.' 'आमच्याकडेपण सेम!'

मी एवढंच लिहिलं की तो नको म्हणतोय, काढून टाका. त्यावर एका गृहस्थांचं उत्तर, "मुलांना कसले आलेत हक्क? आधी कर्तव्यं शिकवा." या वाक्याला लाइक किती मिळाले ते बघून फोन बाजूला ठेवला. मग परत उचलला.

तर साहेब, आलेत. कधीचेच आलेत. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क करार मंजूर केला, सप्टेंबर १९९० मध्ये तो लागू झाला आणि आज १९६ पक्षांनी, म्हणजे जवळपास सगळ्याच देशांनी, तो स्वीकारलाय. मानवी हक्कांच्या दुसऱ्या कुठल्याही कराराला एवढी मान्यता मिळालेली नाही. एकमेकांशी धड बोलतही नाहीत असे देश या एका कागदावर एकत्र आहेत. त्यातलं कलम १६ मुलाच्या खासगीपणाबद्दल आणि अब्रूबद्दल आहे. हो, अब्रू. सहा वर्षांच्या माणसालाही ती असते. या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाबद्दल सविस्तर मार्गदर्शन काढलं, त्यात आईवडिलांनी मुलांचे फोटो नेटवर टाकण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

पण मला खरं बोलायचंय ते कलम १२ बद्दल. माझं आणि त्या कलमाचं जुनं नातं आहे.

कलम १२ म्हणतं की ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं त्याला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणी मांडायचा हक्क आहे, आणि वय व समज बघून त्या मताला वजन द्यायचं. त्याचाच दुसरा भाग कोर्टाबद्दल आणि सरकारी कामकाजाबद्दल: मुलावर परिणाम करणारं प्रकरण चालू असेल तर मुलाचं ऐकून घ्या, थेट किंवा प्रतिनिधीमार्फत. बस्स. मूल म्हणेल तसंच करा असं त्यात कुठेही नाही. विचारा, ऐका आणि ऐकलेलं मनावर घ्या, एवढंच.

आणि एवढंच माणसांना जमत नाही.

माझ्या बहिणीचा घटस्फोट चालला होता तेव्हाची गोष्ट. भाची नऊ वर्षांची, भाचा पाच. दोन्ही बाजूंचे वकील समजूतदार होते, आरडाओरडा नव्हता. बरेच दिवस खल करून त्यांनी तोडगा काढला: मुलगी आईकडे, मुलगा वडिलांकडे. एकेक. घरातल्या मोठ्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणावर अन्याय नाही, हिशेब चोख. दोन फ्लॅट असते तर असेच वाटून घेतले असते.

तारखेच्या दिवशी मी भाचीला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. आत तिचीच केस. तिने बराच वेळ माझ्या पिशवीचा बंद गुंडाळला, सोडला, गुंडाळला. मग विचारलं, "मावशी, आत माझंच चाललंय ना?" म्हटलं, हो. "मग मी बाहेर का?"

या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसतं. (हे लिहायच्या आधी भाचीला वाचायला पाठवलंय. ती आता मोठी आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. वरच्या व्हिडिओवर तोंड वर करून बोलायचं असेल तर एवढं तरी करायला हवं.)

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी थोडा इतिहास. त्याशिवाय माझा राग कळणार नाही.

मुलांच्या हक्कांचा पहिला आंतरराष्ट्रीय कागद १९२४ चा, राष्ट्रसंघाचा (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना), जिनिव्हा जाहीरनामा. तो लिहिला एग्लंटाइन जेब नावाच्या इंग्रज बाईने. पहिलं महायुद्ध संपूनही नाकेबंदी चालूच होती आणि शत्रूच्या देशातली मुलं उपासमारीने मरत होती. १९१९ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात या बाई भुकेल्या ऑस्ट्रियन मुलांचे फोटो छापलेली पत्रकं वाटत होत्या, म्हणून अटक झाली. पाच पौंड दंड. कालपर्यंत ज्यांच्याशी लढत होतो त्यांच्या पोरांसाठी पैसे मागणारी बाई! किती शिव्या खाल्ल्या असतील याची कल्पना फेसबुकवर असणाऱ्याला सहज यावी. स्वतःला मूलबाळ नव्हतं. शत्रूचं मूल हे आधी मूल, एवढी एक गोष्ट तिने धरून ठेवली आणि त्यातून पाच कलमांचा जाहीरनामा आला. भुकेल्याला खायला द्या, आजाऱ्याची शुश्रूषा करा, संकटात मदत आधी मुलाला, वगैरे. (पाचवं कलम तर मुलाला असं वाढवा की त्याने आपले गुण माणसांच्या सेवेला लावावेत, असं आहे. कर्तव्यवाल्यांनी हरखून जावं.)

सुंदर कागद. पण त्यात मूल कुठेच बोलत नाही. त्याला देतात, जपतात, वाचवतात. १९५९ ला दहा तत्त्वांचा दुसरा जाहीरनामा आला. त्यात नाव आलं, राष्ट्रीयत्व आलं, शिक्षण आलं, खेळ आला. मुलाला काय वाटतं हे विचारायचं पुन्हा राहिलं. शेवटी १९८९ मध्ये ते एका कलमात बसलं. पहिल्या जाहीरनाम्यापासून 'विचारा'पर्यंत यायला ६५ वर्षं लागली.

आणि ज्या माणसाला हे आधीच कळलं होतं त्याला मारून टाकलं. यानुश कोर्चाक. पोलंडचा बालरोगतज्ज्ञ आणि लेखक. वॉर्सामध्ये ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवायचा. तिथे मुलांचं न्यायालय होतं, न्यायाधीशही मुलंच. मूल मुलावर फिर्याद करू शकायचं, शिक्षकावर करू शकायचं आणि खुद्द संचालकावरही. एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून कोर्चाक स्वतः त्या कोर्टापुढे आरोपी म्हणून उभा राहिलाय. त्या कोर्टाच्या संहितेत सुरुवातीची ढीगभर कलमं माफीची होती. मुलं फार कडक न्याय करतील अशी भीती वाटणाऱ्यांसाठी सांगितलं. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी ती मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली. कोर्चाकला सुटायची संधी होती. तो मुलांबरोबर गाडीत बसला.

त्याच पोलंडने १९७८ साली बालहक्क कराराचा पहिला मसुदा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, तोवर होऊन जाईल अशी आशा होती. शीतयुद्ध ऐन भरात. अकरा वर्षं गेली.

या सगळ्यातून आलेलं कलम आहे ते. आणि इथे आमचे गृहस्थ विचारतात, कसले आलेत हक्क.

हां, तर कोर्ट. सगळं ठरलं होतं, नुसत्या सह्या बाकी. न्यायाधीश बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "मुलीशी कुणी बोललंय का?" दोन वकील, आई, बाप. चौघंही गप्प. मग त्यांनी भाचीला चेंबरमध्ये बोलावलं, एकटीला. आम्ही सगळे बाहेर. पहिल्यांदाच ती आत आणि आम्ही बाहेर!

ती काय म्हणाली ते तिनेच नंतर सांगितलं. "आई की बाबा ते मला नाही सांगायचं. पण तो रात्री घाबरून उठतो. त्याला माझ्याजवळ ठेवा."

त्या अख्ख्या भानगडीत ही गोष्ट एकाही मोठ्या माणसाच्या कागदावर नव्हती. अर्जात नाही, प्रतिज्ञापत्रात नाही, तोडग्यात तर नाहीच. पाच वर्षांचं पोर रात्री उठून बहिणीच्या अंथरुणात जातं हे फक्त बहिणीला माहीत, कारण ते तिला उठवायचं, आईला नाही. दोघं एकत्र राहिली. कुणाकडे आणि सुट्टीत कसं, ते मोठ्यांनी ठरवलं. ते मोठ्यांचंच काम होतं. आदेशात एक ओळ होती की मुलीने व्यक्त केलेलं मत विचारात घेतलं आहे.

आता गंमत बघा. करारावरच्या समितीने २००९ मध्ये कलम १२ चा अर्थ सविस्तर लिहून ठेवलाय. त्यात आहे की मत मांडणं हा हक्क आहे, सक्ती नव्हे. न सांगण्याचाही हक्क आहे. किमान वय ठरवू नका. मूल असमर्थ आहे असं गृहीत धरून सुरुवात करू नका, आपण समर्थ आहोत हे सिद्ध करणं मुलाचं काम नाही. आणि ऐकल्यावर त्या मताचं काय केलं ते मुलाला सांगा. नऊ वर्षांच्या मुलीने यातलं काहीही न वाचता आई-बाबा निवडायला नकार दिला आणि जे तिलाच माहीत होतं तेवढं सांगितलं. वकिलांना हे कळायला परिषदा लागतात.

'मुलाचं हित आम्हाला कळतं' हे वाक्य मी आता कुणाच्याही तोंडून ऐकू शकत नाही. हिताचं कलम आहेच, कलम ३, मुलाबाबतच्या प्रत्येक कृतीत त्याच्या हिताला प्राधान्याने महत्त्व. मोठ्यांचं लाडकं कलम. का नसेल, ठरवणारे तेच! 'एकेक' हा तोडगासुद्धा हिताच्याच नावाने निघाला होता. समितीने २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलाचं न ऐकता त्याचं हित ठरवता येत नाही. पण वाचतो कोण. करार सर्वांना, मुलांनाही, समजावून सांगा असं कलम ४२ सरकारांना सांगतं. तुम्हाला कुणी सांगितला? मला तरी नाही. मी शोधला, तोही त्या बाकावरच्या प्रश्नामुळे.

बरं, आता नेहमीचे आक्षेप येतील.

'मग आईवडिलांनी काहीच बोलायचं नाही का?' बोला की. कलम ५ वाचा, मुलाला वाढत्या समजेप्रमाणे मार्गदर्शन करायचा आईवडिलांचा हक्क आणि कर्तव्य त्यात ठळक आहे. अमेरिकेत याच भीतीचं राजकारण होऊन तो करार आजवर सेनेटपुढे मंजुरीला गेलाच नाही. १९९५ मध्ये सही केली ती केली. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांमध्ये बाहेर राहिलेला हा एकच देश. सोमालिया आणि दक्षिण सुदानसुद्धा २०१५ मध्ये आत आले. आणि जाता जाता, गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांखाली असलेल्याला फाशी देणं कलम ३७ ला मान्य नाही. अमेरिकेत ते २००५ पर्यंत कायदेशीर होतं.

'कर्तव्यांचं काय?' ठीक आहे, हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. १९९० ची आफ्रिकेतल्या देशांची स्वतंत्र बालसनद आहे, तिच्या कलम ३१ मध्ये मुलाच्या जबाबदाऱ्या लिहिल्यात, कुटुंबाबद्दल आणि समाजाबद्दल. (जागतिक करारात मात्र कलम ३१ खेळण्याचं आहे. मला हा योगायोग फार आवडतो.) पण त्याच सनदेत मूल म्हणजे १८ वर्षांखालचं प्रत्येक माणूस आणि मुलाने लढाईत उतरायचं नाही, हेही आहे. लढाईत उतरण्याच्या वयाबाबत जागतिक करार तेव्हा १५ वर अडकला होता, २००० साली वेगळा प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेला पुरवणी करार) करून ते वय वाढवावं लागलं. म्हणजे ज्यांनी कर्तव्यं लिहिली त्यांनी संरक्षण कमी केलं नाही, उलट वाढवलं. तुम्ही हे माहीत असून बोलत होता का? नाही ना.

'आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?' यावर मी वाद घालत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर बंदी आणली, दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली म्हणजे सकाळी आईबाप आणि मुलं दोघंही वाचतील. आज साठाहून जास्त देशांत तशी बंदी आहे. तुमचं काही बिघडलं नसेल तर आनंद आहे.

'हे सगळं कागदावर. युद्धात मुलं मरतायत त्याचं काय?' हा एक आक्षेप मात्र मला गप्प करतो. खरंय. मान्यता दिलेल्या देशांच्याच बॉम्बखाली मुलं मरतात, आणि समितीच्या हातात अहवाल मागणं, प्रश्न विचारणं, शिफारशी करणं याहून फारसं काही नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलाच निकाल २०१२ चा, काँगोतला बंडखोर म्होरक्या थॉमस लुबांगा याला मुलांना सैन्यात भरती करून लढायला लावल्याबद्दल १४ वर्षं. एक माणूस. हजारो पोरं. कमीच आहे, मला मान्य आहे. पण म्हणून घरातल्या मुलाला काही विचारू नका, हा कुठला न्याय?

एवढं लिहीपर्यंत त्या बाईंवरचा राग जरा उतरलाय. त्या दमलेल्या असतील. व्हिडिओत मागे आणखी एक बाळ रडतंय, ते मला दुसऱ्यांदा बघताना ऐकू आलं. करारात कलम १८ आहे, मुलं वाढवणाऱ्या आईवडिलांना सरकारने मदत केली पाहिजे, मुलांच्या संगोपनासाठी सोयी उभ्या केल्या पाहिजेत. ते कुणी त्यांच्यासाठी पाळलंय? आमची भाचीही सांगते की त्या काळात आईने तिला काही विचारलं नाही याचा तिला राग नाही, आईलाच कुणी काही विचारत नव्हतं. मी त्या बाईंना मेसेज करून बोलेन. जाहीर भांडणार नाही. त्या गृहस्थांशी मात्र भांडणार.

कारण 'हक्क दिले की मुलं डोक्यावर बसतात' असं म्हणणाऱ्यांना ऐकणं आणि मान्य करणं यातला फरकच कळत नाही. त्यांच्यासाठी एक शेवटचं सांगते. २०१९ मध्ये १२ देशांतल्या १६ मुलांनी, वयं ८ ते १७, या समितीकडे तक्रार केली. हवामानासाठी आंदोलन करणारी स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यापैकीच. अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान हवामानबदल रोखण्यात कमी पडून आमच्या हक्कांवर गदा आणतायत, असा दावा. मुलांना थेट तक्रार करता यावी म्हणून केलेला प्रोटोकॉल २०१४ पासून लागू आहे. तो स्वीकारलेले देश फारच थोडे, हे पाच त्यात होते. २०२१ मध्ये समितीने तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. आधी त्या त्या देशाच्या कोर्टात जायला हवं होतं, हे कारण. मला ते पटलं नाही. पाच देशांच्या कोर्टांत आठ वर्षांच्या पोराने जायचं कसं?

पण समितीने त्या मुलांचं प्रत्यक्ष ऐकून घेतलं होतं. देशाबाहेर पोहोचणाऱ्या प्रदूषणाची जबाबदारीही त्या देशावर येऊ शकते, हे त्यांचं म्हणणं उचललं. आणि निकालाबरोबर समितीने त्या मुलांना एक खुलं पत्र लिहिलं, सोप्या भाषेत, की तुमचं काय पटलं, काय नाही आणि का. मुलं हरली, पण का हरली ते त्यांना सांगितलं. कुणी त्यांच्या डोक्यावरून निर्णय फिरवून फाइल बंद केली नाही. यात मुलं कुणाच्या डोक्यावर बसली ते मला दाखवून द्या.

आता खाली 'आमच्या वेळी' सुरू होईल. होऊ दे. फक्त करार वाचून या. कलमं ५४ आहेत, त्यातली शेवटची १३ नुसती कामकाजाची, ती सोडलीत तरी चालेल.